मास्तरणीची खोकी

“आणि नाही धुतलं तर तसंच नेणार आहेस का?” आई मोरीतून ओरडली. “कपडा धुतला की झालं. देणाऱ्याचं तोंड बघायचं नसतं.”

“मी तोंड कुठे बघतेय, आई? मी बूड बघतेय.” मास्तरणीने एक एवढीशी चड्डी दोन बोटांच्या चिमटीत धरून खिडकीच्या उजेडाकडे केली. मधोमध तपकिरी डाग होता आणि त्याला नकाशातल्या बेटासारख्या कडा होत्या. “उकळून उकळून नाडी विरली हिची. डाग आहे तिथेच आहे. ही कुणाच्या पोराला घालायची?”

“गरजवंताला अक्कल नसते म्हणतात.”

“अक्कल नसेल. डोळे असतात.”

आईने बादली दाणकन आपटली. वहिनी कणीक मळता मळता म्हणाली, “सासूबाई, तुम्ही दोघी बाजूला व्हा. ती चड्डी पाळकसाहेबांनाच दाखवू. प्रार्थना करून डाग जातो का बघू.” वहिनीचं हे नेहमीचं होतं. भांडण पेटलं की ती त्यात फुंकर घालायची आणि स्वतः नामानिराळी राहायची.

मास्तरणीला घरात हे नाव पडलं ते ती बाहुल्यांना रांगेत बसवून छड्या मारायची तेव्हापासून. आता ती खरोखरच शिक्षिका व्हायला निघाली होती. प्रशिक्षणाचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं, सरावाचे पाठ झाले होते, आणि परीक्षा झाली की ती समुद्रापलीकडच्या एका बालगृहात सहा महिने फुकट शिकवायला जाणार होती. गेली दोन वर्षं तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिथली भाषा ती भाकऱ्या थापतानासुद्धा पुटपुटायची. बालगृहाची अट एकच होती: येणाऱ्याला त्याच्या चर्चच्या मंडळीने पाठवलेलं असावं. म्हणजे देवळात रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. तो हात पडला तर ती जाणार, नाही तर नाही.

तो रविवार उद्यावर आला होता.

तिथल्या मुलांसाठी वस्तूंची खोकी न्यायची कल्पना आत्याची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, भावाच्या घरातली मागची खोली आणि देवळाचं महिला मंडळ या दोन्हींवर तिचं राज्य होतं. तिने उपासनेनंतर उभं राहून जाहीर केलं होतं, “घरात जे जीव लावून जपून ठेवलंय ते त्या लेकरांसाठी द्या.” लोकांनी दिलं. कुणी जीव लावून काय जपून ठेवलं होतं ते मास्तरणीला खोकी उघडल्यावर कळलं. जे फेकायला लाज वाटते आणि ठेवायला जागा नाही, ते.

बाहेरच्या खोलीत कपाटापासून दारापर्यंत खोकी चढली होती. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, अंगाने लहानखुरे. तरी त्यांना आडवं होऊन आत यावं लागे. खोलीला एक वास बसला होता. डांबरगोळ्या, ओल, नासलेलं दूध आणि त्याखाली आणखी काहीतरी, जे नाव घेण्यासारखं नव्हतं. केस चघळून चघळून चिकट झालेल्या बाहुल्या होत्या. दातांचे वळ उमटलेले खुळखुळे होते. निम्म्या रंगवलेल्या चित्रांच्या वह्या होत्या, त्यात एका पानावर वाळलेला शेंबूड. एका पायाचे बूट. एका पिशवीत टूथब्रश, तेही वाकलेल्या केसांचे. कुणीतरी आजारपणातला रबरी चादरीचा तुकडा दिला होता, अजून पिवळा. मास्तरीण रोज कॉलेजातून आली की हे निवडायची आणि जेवताना तिचा घास तोंडात फिरायचा.

“तुला लागलंय नाक वर करायला,” आत्या म्हणायची. “धर्माची गाय, तिला दात का नाय!”

“आत्या, गाय असती तर बरं झालं असतं गं. गाईला कुणी चघळून देत नाही.”

त्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी महिला मंडळाची प्रार्थना त्यांच्याच घरी होती. खोकी भिंतीशी ढकलून त्यांच्यावर चादर पसरली, आणि बायका त्या चादरीला टेकून बसल्या. गीत झालं, वाचन झालं, आत्याने मास्तरणीसाठी लांबलचक प्रार्थना केली. त्यात ‘आमची ही कोवळी कळी’ तीनदा आलं. मग चहा.

कॉलेजात शिकवण्याची पद्धत शिकवणाऱ्या मॅडमचा एक नियम होता. मुलाच्या हातात जे द्यायचं ते आधी स्वतः वापरून बघायचं. मातीकाम असेल तर माती कालवायची, शिट्टी असेल तर स्वतः फुंकायची, नाटुकल्यातला मुखवटा असेल तर स्वतः घालून अर्धा तास बसायचं. त्यावरून मुली त्यांची टिंगल करत. मास्तरीण करत नव्हती. त्या संध्याकाळी तिने तोच नियम लावला, फक्त स्वतःऐवजी दुसऱ्यांना.

चहा तिनेच आणला. पाळकीणबाईंनी कप उचलला आणि डोळ्यांजवळ नेला.

“अगं, यात केस पडलाय वाटतं.”

“केस नाही, तडा आहे. आत काळं बसलंय, ते निघत नाही.”

पेटी वाजवणाऱ्या मावशींच्या कपाला कान नव्हता. कान तुटलेल्या जागी कुणीतरी गोंद लावला होता आणि तो गोंद गरम चहाने मऊ होऊन त्यांच्या बोटाला लागला. तिसऱ्या बाईच्या कपाच्या काठावर जुन्या लिपस्टिकची कमान होती. तिने ती अंगठ्याने पुसायला घेतली. पुसली जाईना. ती आता मुरली होती.

आत्याने आपला कप हातात फिरवला. कपाच्या बुडाशी तिने स्वतःच्या हाताने लाल रंगाची फुली केली होती, मंडळाची भांडी इतरांच्यात जाऊ नयेत म्हणून.

“हे कप कुठले गं?”

“तुझेच, आत्या. मुलांसाठीच्या खोक्यातले.”

कुणी घोट घेतलेला होता, कुणी घ्यायचा होता. ज्यांनी घेतला होता त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. पेटीवाल्या मावशी उठून मोरीशी गेल्या आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा थुंकल्या. स्वयंपाकघरात वहिनी ओढणी तोंडात कोंबून भिंतीला टेकली.

“पाहुण्यांना घाणीत चहा पाजलास!” आत्याचा आवाज चिरकला.

“घाणीत कसा? आईने उकळून घेतलेत. मी दोनदा घासलेत. तुम्हाला चालत नाहीत?”

“ते त्यांच्यासाठी आहेत!”

हे बोलून झाल्यावर आत्याला ते ऐकू आलं असावं, कारण ती खाली बसली. पण बायका गेल्यावर ती पुन्हा उभी राहिली. “उद्या सगळ्यांसमोर माझी माफी मागायची. आणि खोकी सगळी न्यायची, हसत. नाहीतर पाळकसाहेब तुझ्या डोक्यावर हात कसा ठेवतात तेच बघते.” एवढं म्हणून तिने मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

मास्तरणीला वाटलं होतं, आता तरी आई आपल्या बाजूने बोलेल. आईने ते कप गोळा केले. मग हात पुसले आणि सरळ जाऊन मास्तरणीची प्रवासाची बॅग पलंगावर पालथी केली.

“हे काय?”

“माझं सामान.”

“ते दिसतंय.” आईने एकेक वस्तू उचलली. झाकणाचा नवा पेला. नवी ताटली. चमचा, त्यावर दुकानातला कागद तसाच. नवी चादर. पाणी गाळायची बाटली. हात साफ करायच्या औषधाच्या बाटल्या. “त्यांच्या पेल्यातून पाणी पिणार नव्हतीस ना तू? सहा महिने?”

“आई, तिथलं पाणी…”

“पाणी नाही विचारलं. पेला विचारला.” आईने तळाची कापडी पिशवी उलटी केली. “आणि हे?”

मेणखडूंचे तुकडे चादरीवर सांडले. सरावाच्या शाळेत वर्ष संपल्यावर मुलं टाकून गेली होती ते. मास्तरणीने बाकाखालून गोळा केले होते, काटकसर म्हणून, कौतुकाने. बहुतेक नखाएवढे. काहींचे कागद लाळेने भिजून वाळलेले होते, काहींच्या टोकांना दातांचे ठसे होते, एकाला केस चिकटला होता.

“हे मुलांसाठी,” आई म्हणाली. “पेला तुझ्यासाठी. हे मुलांसाठी.”

मास्तरणीने एक तुकडा उचलला, निळा, आणि कागदावर ओढून बघितला. मेणाला आंबूस वास होता आणि रेघ उमटण्याऐवजी काळपट चिखलासारखं काहीतरी पसरलं. इतके दिवस तो वास खोक्यांतून येतोय असं ती समजत होती. तिने बोटं कुडत्याच्या कडेला पुसली, मग मोरीशी जाऊन साबणाने धुतली, मग पुन्हा धुतली, आणि आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर नळ बंद केला.

आई तिच्यामागे येऊन उभी होती. “मी तुला हिणवायला नाही काढलं ते,” ती जरा नरमून म्हणाली. “पण दुसऱ्याला आरसा दाखवायचा तर तो आपल्याकडेही तोंड करतो, बाई.”

“कळलं.”

“कळलं तर मुकाट्याने माफी माग आणि जा. दोन वर्षं जीव टाकलायस.”

जेवायला सगळे बसले. आत्यासुद्धा आली, कारण रुसवा कितीही असला तरी तिला भूक आवरत नसे. बाबा चष्मा कपाळावर चढवून मान खाली घालून जेवत होते. वहिनीनेसुद्धा थट्टा केली नाही. खोलीत तोच वास होता आणि सगळे तो नसल्यासारखं जेवत होते. मास्तरणीच्या ताटासमोर एक कप होता, फुलीचा, तडा गेलेला. त्यात तिने पाणी घेतलं होतं. ते ती प्यायली, सगळं, आणि तोंड वाकडं झालं ते लपवलं नाही.

“तो कप टाक आधी,” आत्या म्हणाली.

मास्तरणीने कप खाली ठेवला.

“उद्या उपासनेच्या आधी सगळी खोकी देवळाच्या व्हरांड्यात उघडी मांडणार आहे. ज्याचं त्याने ओळखून परत न्यायचं. आत्या, चहाची माफी मी सगळ्यांसमोर मागेन, कारण ते मी मुद्दाम केलं. खोक्यांची मागणार नाही. खडू मी टाकून दिलेत. माझा पेला आणि ताटली मांडणीत ठेवलीय, ती घरात वापरा. एवढं होऊन पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तर मी जाईन, नाही ठेवला तर जाणार नाही. बाबा, सकाळी हातगाडी लागेल.”