तांदळात लिहिलेलं नाव

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासरी लक्ष्मीपूजन झालं, तेव्हा नवऱ्याने ताटात तांदूळ पसरून अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. ते सासूबाईंनी ठरवलेलं होतं. नवराबायकोच्या नावांचं पहिलं अक्षर एक असावं, एवढाच त्यांचा विचार. माझं आधीचं नाव एका नदीचं होतं आणि मला ते आवडायचं, पण मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पेढे वाटले, फोटो काढला, ताट आत गेलं. त्या तांदळांची पुढे खीर झाली. मीही वाटीभर खाल्ली.

ती खीर मला साठी उलटल्यावर बाधेल असं काही वाटलं नव्हतं.

झालं असं, की गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या पोटात गाठ निघाली. ताई परदेशात असते. तरुणपणी नोकरीसाठी गेली, तिकडेच लग्न केलं, तिकडेच तिचा नवरा गेला. मूलबाळ नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा फोनवर म्हणाली, "भीती नाही गं वाटत. पण शुद्धीवर आल्यावर समोर कोणीतरी आपलं असावं, एवढंच." उभ्या आयुष्यात ताईने माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मी येते."

माझ्या लग्नाला ताईला रजा मिळाली नव्हती, त्यामुळे ते ताट तिने पाहिलंच नाही. तिच्या लेखी मी जुन्याच नावाची राहिले. आईबाबा होते तोवर तेही त्याच नावाने हाक मारायचे. ते गेल्यावर त्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. ती हॅलो म्हणायची नाही, नावच घ्यायची, शेवटचं अक्षर लांबवून. आठवड्याचे बाकीचे दिवस मी डोंबिवलीत काकू, वहिनी, मॅडम आणि ताटातलं नाव असायची. उद्या ताईचं काही बरंवाईट झालं तर ती नदीच्या नावाची मुलगी तिच्याबरोबरच संपणार, हे मला गाठीचं कळलं त्याच दिवशी कळलं होतं. नवऱ्याला हे सांगितलं नाही. त्याला ते नाव आठवत असेल की नाही, कोण जाणे.

मानपाडा रोडवर पहिल्या मजल्यावर व्हिसाचं काम करणारा एक एजंट आहे. त्याच्याकडे गेलो. बाहेर एमआयडीसीचा तो आंबूस वास, आत एसी आणि भिंतभर बर्फाच्या डोंगरांचे फोटो. "काकू, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "सख्खी बहीण आहे ना तिकडे? मग काय! त्यांच्याकडून इन्व्हिटेशन लेटर मागवा, आरामात होऊन जाईल."

ताईने पत्र पाठवलं. एजंटने पत्र आहे एवढं पाहिलं आणि फाईलमध्ये लावलं. मी तर ते प्रेमाने चारदा वाचलं आणि तरी मला काही खटकलं नाही. याचा राग मला अजून येतो, कारण मी सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात केली. मुलांच्या दाखल्यावर एक वेलांटी चुकू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसणारी बाई मी. पण ताईने माझ्या जुन्या नावाने मला बोलावलं होतं, आणि त्या नावाने ताईने मला बोलावणं यात खटकण्यासारखं असणार तरी काय?

वकिलातीने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. सोबतच्या कागदावर दोन कारणं होती. एक, पत्र लिहिणाऱ्या बाईंनी ज्या बहिणीला बोलावलं आहे ती आणि अर्जदार एकच असल्याचं कागदांवरून दिसत नाही. दुसरं, भेट संपल्यावर अर्जदार मायदेशी परत जाईल याची खात्री वाटत नाही.

दुसऱ्या कारणाने माझं डोकंच फिरलं. मी परत येणार नाही? का? माझं घर इथे, नवरा इथे, त्याच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या डब्यात आहेत हे माहीत असणारी मी एकटी. बाल्कनीत गवती चहा लावलाय. भिशीत माझा नंबर अजून लागायचाय. त्या देशात जाऊन, थंडीत कुडकुडत, मी काय लपून राहणार होते? एजंट म्हणाला, "काकू, हे ते सगळ्यांनाच लिहितात, पर्सनली नका घेऊ." मी म्हटलं, "माझ्या नावाने आलंय, मग पर्सनली नको तर कसं घेऊ?" आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की माझ्या नावाचाच तर घोळ आहे.

घोळ असा, की माझ्या शाळेच्या दाखल्यावर जुनं नाव. पासपोर्टवर नवं, कारण तो काढला रेशनकार्डावरून. आणि या दोन नावांच्या मधे काहीच नाही. आमचं लग्न कल्याणला हॉलमध्ये थाटात झालं, पण नोंदणी कोणी केली नव्हती. तेव्हा कोण करायचं?

"नाव बदलल्याचं काहीतरी प्रूफ असेल ना?" एजंट म्हणाला.

"तांदूळ होते," मी म्हटलं.

तो हसला. मी हसले नाही.

मग सुरू झाले हेलपाटे. नाव बदलल्याचं राजपत्रात यायला हवं. त्यासाठी लग्नाचा दाखला हवा. दाखल्यासाठी लग्नाची पत्रिका, लग्नातला फोटो, साक्षीदार आणि ज्यांनी लग्न लावलं ते भटजी हवेत. भटजींना जाऊन जमाना झाला. त्यांच्याऐवजी प्रतिज्ञापत्र चालेल, ते कल्याणला कोर्टाबाहेर वकील करून देतील, पण त्याच्यावर पुन्हा दोन्ही नावं हवीत. राजपत्राच्या कामाला ठाणे. ठाण्याला गेलं की कल्याणचा कागद कमी पडायचा, कल्याणला गेलं की झेरॉक्स साक्षांकित नसायची. साठी उलटलेली नवराबायको, आम्ही स्वतःचंच लग्न लावायला निघाल्यासारखे फिरत होतो. मला चीड यायची ती याची, की नाव बदलताना कोणी एक कागद मागितला नव्हता. तेव्हा सगळ्यांना पेढे पुरले.

महापालिकेच्या ऑफिसात नोंदणीच्या दिवशी साक्षीदार म्हणून नवऱ्याचा मावसभाऊ येणार होता. तो दिवा स्टेशनजवळ राहतो. आम्ही वेळेवर हजर, आणि याचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणाला, "वहिनी, टँकर येतोय असं कळलंय. पाणी भरल्याशिवाय कसा निघू?" त्याच्या बिल्डिंगला त्या आठवड्यात पाणीच नव्हतं, त्याला तरी काय बोलणार? पण तो पोचेपर्यंत खिडकी बंद झाली होती आणि आम्हाला पुढची तारीख मिळाली. ताईच्या ऑपरेशनची तारीख मात्र हलत नव्हती.

पुढच्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी पत्रिका पाहिली. "यावर चि. सौ. कां. म्हणून वेगळंच नाव आहे."

"ती मीच."

"मग नाव कोणी बदललं?"

"सासूबाईंनी."

"त्या आल्यात?"

"त्या वारल्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या टेबलावरच्या पाटीकडे माझंही लक्ष गेलं. त्यावर त्यांचं नाव आणि आडनाव होतं, मधे काही नव्हतं. त्यांनी मला आत घेतलं आणि काम केलं. नवऱ्याने फोटो काढायच्या वेळी शर्टाची कॉलर नीट केली, तेव्हा एवढ्या वैतागातही मला जरा हसू आलं.

लग्नाचा दाखला, राजपत्र, सगळं हातात पडल्यावर दुसरा अर्ज भरायचा होता. एजंट आता सावध झाला होता. "काकू, या वेळी लेटर पासपोर्टवरच्या नावाने घ्या. आणि वकिलातीतून तुमच्या सिस्टरना फोन जाऊ शकतो. त्यांनी तेच नाव सांगायला पाहिजे, बरोब्बर, स्पेलिंगसकट. जुनं नाव निघालं तोंडातून तर परत रिजेक्ट."

मी ताईला फोन लावला. तिला नवं नाव ठाऊक होतं, पण तोंडात बसलेलं नव्हतं. पत्र लिहिता लिहिता म्हणाली, "हे कोणा परक्या बाईला बोलावतेय असं वाटतंय गं." मी म्हटलं, "वाटू दे. लिही." मग रोज मी तिची उजळणी घेऊ लागले. ती तेव्हा फारसं खात नव्हती, आवाज खोल गेला होता. मी विचारायचे, "ताई, वकिलातीतून बोलतोय, तुमच्याकडे कोण येणार आहे?" ती नदीचं नाव घ्यायची. मी म्हणायचे, "चूक." मग ती आठवून आठवून सांगायची, आणि माझ्या नवऱ्याच्या नावाशी अडखळायची.

एकदा ती कंटाळून म्हणाली, "अगं, तुला तुझ्या नावाने हाक मारायची पण चोरी?"

त्यावर मी ओरडले. आजारी बहिणीवर ओरडले, एवढी मी पिचले होते. म्हटलं, "हो, चोरी! मला यायचंय ना तुझ्याकडे? मग विसर ते नाव. तोंडातून काढू नकोस. त्यांना कळलं तर मला कधीच येऊ देणार नाहीत."

मग शाळेतल्या मुलीसारखं तिने माझं नवं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव म्हणून दाखवलं, एकेक अक्षर सुटं करून. त्यानंतर ती एकदाही चुकली नाही. पुढच्या रविवारी सकाळी फोन उचलला तर तिकडून नुसतं "हॅलो" आलं. तेव्हा मला बरंच वाटलं, की चला, पाठ झालं.

व्हिसा वेळेत आला नाही. वकिलातीतून ताईला फोनही गेला नाही. ऑपरेशनचा दिवस आला तेव्हा माझा पासपोर्ट तिकडेच कुठल्यातरी टेबलावर होता आणि मी डोंबिवलीत, देवापुढे दिवा लावून ओट्यापाशी उभी होते. तिला भूल उतरताना समोर आपलं माणूस हवं होतं, तेवढंच मला जमलं नाही. संध्याकाळी तिकडून निरोप आला, गाठ निघाली, सगळं ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरियरवाला पासपोर्ट घेऊन दारात आला. "नाव सांगा मॅडम," तो म्हणाला. मी सांगितलं, सही केली. पाकीट उघडून व्हिसाच्या पानावर हात फिरवला, आणि तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. तिकडच्या हॉस्पिटलमधल्या नर्सने फोन ताईच्या तोंडासमोर धरला होता. ताईचा चेहरा उशीत एवढासा झाला होता. नाकात नळी होती, डोळे अर्धे मिटलेले.

नर्सने मोठ्या आवाजात इंग्रजीत विचारलं, "ह्या कोण आहेत, ओळखता का?" शुद्ध कितपत आली आहे ते बघायला विचारत असावी.

ताईने डोळे उघडले आणि माझं ताटातलं नाव घेतलं. मग नवऱ्याचं नाव. मग आडनाव. एकेक अक्षर सुटं करून, कुठेही न अडखळता. मग इंग्रजीतच म्हणाली, "माझी सख्खी धाकटी बहीण. मला भेटून परत जाणार आहे." नर्सला आनंद झाला. तिने ताईच्या खांद्यावर थोपटलं.

मी म्हटलं, "ताई, आता नको ते. व्हिसा आला गं. मी आहे."

"मी म्हणजे कोण?" ताई म्हणाली.

मी तिला माझं नाव सांगितलं, नदीचं. ते मी स्वतःच्या तोंडाने शेवटचं कधी उच्चारलं होतं, आठवत नाही. मग तिने डोळे नर्सकडे वळवले, परत माझ्याकडे आणले आणि हलकेच म्हणाली, "हळू बोल. त्यांना कळेल."