ड्रमच्या आडोशाचा ढावलो

देविदास राठोडाला एक खोड होती. बायको मिनाला ती कळली होती, ती तरी तो झोपेत सुरात बडबडला म्हणून. बाकी कोणाला त्यानं ह्या खोडीचा वास लागू दिला नव्हता. वसमतच्या एका हळदीच्या कारखान्यात तो पॉलिशचा ड्रम चालवायचा, अंगापिंडानं दांडगा, मिशीला पीळ. आणि हा गडी ढावलो म्हणायचा.

ढावलो म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या नवरीचं रडणं. सासरी निघायच्या वक्ताला पोरगी आईच्या गळ्यात पडते, बापाच्या पडते, भावाच्या पडते, अन् एकेकाला धरून सुरात रडते. नुसते हुंदके नसतात ते. त्याला ओळी असतात, चाल असते, श्वास कुठं तोडायचा ते ठरलेलं असतं. म्हाताऱ्या बाया पोरीला आधी बसवून शिकवतात. शिकवायच्या, म्हणावं लागंल. आता डीजे वाजतो अन् पोरगी मोबाईलात बघत जीपमधी बसते. पण गडीमाणसानं ढावलो म्हणावा, हे डीजेच्या आधी नव्हतं अन् नंतरबी न्हाई.

देविदास लहानपणी बायांच्या घोळक्यात बसून राहायचा. सगळं पाठ झालं. एक दिवस शेळ्यांमागं मोकळ्या गळ्यानं म्हणत होता तर आईनं, जिवनबाईनं ऐकलं. चुलीतलं जळतं लाकूड घेऊन मागं लागली. "तुला सासरी जायचं हाय का रं मुडद्या?" तवापासून त्यानं तोंड मिटलं. पण खाज कुठं मिटते? ती आतल्या आत वाढली.

मग ड्रम भेटला, अन् त्याला जागा भेटली.

हळद शिजवून, वाळवून आली की लोखंडी पिंपात भरतात. पिंप बैलगाडीएवढं. ते गरगर फिरलं की हळकुंडं एकमेकांवर घासतात, साल निघते, माल सोन्यासारखा होऊन बाहेर पडतो. आवाज असा, की शेजारच्याला काही सांगायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. धुराळा जाऊ नये म्हणून नाकातोंडावर दस्ती बांधलेली. म्हणजे ऐकू येत न्हाई, अन् ओठ हललेले दिसत न्हाईत. देविदास दिवसभर म्हणायचा. सांगलीला निघालेल्या हळदीच्या कट्ट्यांना, म्हणजे पोत्यांना, पोरी समजून रडत सासरच्या वाटेला लावायचा. ड्रमची जुनी मोटार भंगारात गेली तर तिच्यासाठी ओळी जुळवल्या. म्हणताना डोळे वाहायचे, ते हळदीच्या धुराळ्यात कोणाला कळणार?

आता भ्यायचं कारण काय, तर कारण होतं. मागं हमालांच्या टोळीत एक माल तोलणारा काटेवाला होता, त्याला रांगोळी काढायचा नाद. हमालांना कळलं. "रांगोळीबाई, चहा घेता का?" "रांगोळीबाई, पदर सांभाळा." माणूस हसून न्यायचा, मग हसणं बंद झालं, मग एक दिवस गठुडं बांधून पुण्याला गेला. त्याला चिडवताना देविदासही हसला होता, अन् इतरांपेक्षा जोरात हसला होता.

चैतातली गोष्ट. बाहेर सांगलीचा ट्रक भरून राहिला होता. ड्रम भरात, देविदासही भरात. डोळे मिटलेले. आईच्या गळ्यात पडायची ओळ होती, मराठीत सांगायची तर: तुझ्या चुलीचा धूर वळखीचा व्हता याडी, उद्यापून कोणाचा धूर डोळ्यात घेऊ. याडी म्हणजे आई. 'याडी'वर सूर वर चढवायचा अन् तिथंच धरून ठेवायचा.

तेवढ्यात लाईट गेली.

ड्रम आपल्या वजनानं फिरत फिरत थांबला. पण दिवसभर ड्रमपाशी उभ्या माणसाच्या कानात तो थांबत न्हाई, फिरतच राहतो. देविदासाला कळलं न्हाई. पत्र्याच्या शेडात बाईच्या गळ्याचा टाहो घुमला. हमाल कट्टे टाकून आत आले.

"आरं, ड्रममंदी बाई कोंडली का काय?" हा संतराम. ह्याच्या जिभेला आराम म्हणून नव्हता. रांगोळीबाई हे नाव ह्याचंच.

हसण्याचा लोट आला. देविदासानं डोळे उघडले. समोर सगळी टोळी. दस्ती गळ्यात घसरलेली, गालावरून पिवळं पाणी वाहून राहिलेलं. मुकादम प्रेमानंद खंदारे पुढं आला, त्यानं ते पाणी पाहिलं अन् हात वर करून सगळ्यांना गप केलं.

"काय झालं रे देविदास? काहून रडून राहिला?"

संतरामाच्या ओठावर नवं नाव तयारच होतं, नुसतं बाहेर पडायचं बाकी होतं. देविदासाला ते दिसलं. अन् त्याच्या तोंडून निघालं,

"याडी गेली."

संतरामानं डोक्यावरची टोपी काढली. "कवा रं?"

"आत्ताच. मेसेज आला."

बोलून गेल्यावर देविदासाला टोळीची रीत आठवली. कोणाच्या घरी माती झाली की काम बंद. सगळ्यांनी जायचं, खांदा द्यायचा, त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचं.

"मी जातो एकला," तो म्हणाला. "तुमी कशाला तकलीफ घेता?"

"येडा झाला का?" प्रेमानंद म्हणाला. "तुझ्या बापूच्या वक्ताला एकला गेला व्हतास का? संतराम, टेम्पो बोलाव. शेठला मी सांगतो."

"लांब हाय दादा. ऊन हाय."

"मातीला ऊन बघत असतेत का?"

बाजारातून पांढरं कापड घेतलं, झेंडूचा हार घेतला, नारळ घेतला. कापड देविदासाच्याच मांडीवर ठेवलं. औंढ्याच्या रस्त्याला टेम्पो लागला. देविदास मिनाला फोन लावून राहिला, पण तिचा मोबाईल बंद. लाईट तांड्यातबी गेलेली असणार, चार्जिंग कुठून करणार?

हौद्यात त्याच्याभोवती सगळे जिवनबाईचं चांगलं बोलत होते. कोणाला तिची ज्वारीची भाकर आठवली, कोणाला तिच्या शिव्या.

"मला म्हणली व्हती," संतराम म्हणाला, "तुझी जीभ काढून कुत्र्याला घातली तर कुत्रंबी भुकायचं सोडून बोलंल. लई जीव मावशीचा माझ्यावर." अन् त्यानं खरंच डोळे पुसले.

देविदास कापडाची घडी दाबत बसला. सांगून टाकावं का? काय सांगावं? 'माझी आई जिती हाय, मी आपलं नवरीचं रडणं म्हणत व्हतो'? रांगोळीबाईचं गठुडं त्याच्या डोळ्यापुढं आलं. टेम्पोतून उडी टाकावी का? पाय मोडला तर दवाखान्यात नेतील, मग तांडा टळंल. फाळक्याला हात घातला, पण टेम्पो चढाला लागून मंद झालेला, ह्यात पाय काय मोडणार? देवा, म्हातारी रानात गेलेली असू दे. अन् एक घडी त्याच्या मनात ते आलं, जे यायला नको होतं: खरंच गेली असली तर? त्यानं जीभ चावली, रगत येईस्तोवर चावली.

माळ चढून टेम्पो वर आला. तांडा दिसला. संतराम उभा राहिला.

"देविदास," तो हळूच म्हणाला, "तुझ्या घरून धूर निघून राहिला."

ज्या घरात माती पडलेली असते तिथं चूल पेटत न्हाई, हे काय सांगायची गोष्ट हाय का? प्रेमानंदानं देविदासाकडं पाहिलं. देविदासानं कापडाकडं पाहिलं.

दारापुढं तीन दगडांच्या चुलीपाशी जिवनबाई भाकर थापत होती. टेम्पोतून माणसं उतरली, हार उतरला, नारळ उतरला. म्हातारीनं हात थांबवला. पोराशी ती तांड्याच्या बोलीत बोलायची, पण पाहुणे होते म्हणून मराठीत म्हणली,

"कोण मेलं?"

सगळे मातीकडं बघायला लागले. शेवटी संतरामाच्यानं राहवलं न्हाई. "मावशी… तुमीच."

"मी?" जिवनबाई म्हणली. "मंग मला काहून कोणी सांगितलं न्हाई?"

एरवी माणसं हसून लोळली असती. आता कोणी हसलं न्हाई. प्रेमानंदानं देविदासाची गचांडी धरली.

"सगळ्यांची मजुरी बुडवलीस. जित्या आईला मारलंस. कशापायी? घरी येऊन झोपायला? आमच्यात खोटं मरण सांगून कोणी सुट्टी काढली न्हाई आजलोक. उद्यापून टोळीत पाय ठेवू नको. अन् वसमतात दुसऱ्या टोळीत कसा घुसतो, तेबी बघतो."

मिना दारात येऊन उभी राहिली. आजूबाजूच्या बाया येऊन उभ्या राहिल्या. देविदासाच्या अंगावर पांढरं कापड अर्धं उलगडून लोंबलं होतं.

"ढावलो म्हणत व्हतो," तो म्हणाला.

"काय?"

"नवरीचं रडणं. मला पाठ हाय लहानपणापून. ड्रमपाशी म्हणत असतो मी. रोज. लाईट गेली अन् तुमी ऐकलं."

संतरामाचं तोंड उघडं पडलं. प्रेमानंद म्हणाला, "एका खोट्यावर दुसरं खोटं नको लावू. म्हणून दाखव."

देविदासानं तोंड उघडलं. ड्रम नव्हता, दस्ती नव्हती. माळावरचं ऊन अन् सगळ्यांचे डोळे. घशातून नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. मिनानं तोंडावर ओढणी घेतली.

"दाखवलं," प्रेमानंद म्हणाला अन् गचांडी सोडली. "चला रे."

"थांबा," जिवनबाई म्हणली. पिठाचे हात तिनं तसेच घागऱ्याला पुसले, उठली, अन् पोराला दंडाला धरून खाली बसवलं. "बोडक्यानं म्हणत असतेत का ते? कोणाला धरल्याबिगर येत असते का?" तिनं आपली ओढणी ओढून त्याच्या डोक्यावर टाकली, मिशीसकट सगळं झाकलं, अन् त्याचे हात उचलून आपल्या गळ्यात घातले. "हां. आता म्हण. तुझ्या तंगड्या तवाच मोडायला पाहिजे व्हत्या मी."

ओढणीखालून आवाज आला. आधी फाटका, मग धरत गेला. ओळ तीच, चुलीच्या धुराची. 'याडी'वर सूर चढला तवा समोरची एक म्हातारी मटकन खाली बसली. हमालांना तांड्याची बोली कळत नव्हती. त्यांनी माना खाली घातल्या होत्या. त्या रडण्यामुळं, का एक दांडगा गडी ओढणीखाली बसलाय ते बघवेना म्हणून, कोण सांगणार? तव्यावरची भाकर जळून काळी झाली, कोणी उलटली न्हाई.

झालं. जिवनबाईनं ओढणी काढून घेतली. "मधली ओळ खाल्लीस," ती म्हणली अन् चुलीकडं वळली.

प्रेमानंदानं मिशी चोळली. "खोटं बोललास ते बोललासच," तो म्हणाला. "म्हातारीच्या तोंडाकडं बघून सोडतो. उद्या ये. पण आज बुडाली ती बुडाली, समद्यांना एक येळ मटण तुझ्याकडून."

नारळ तिथंच राहिला. हार म्हातारीनं शेळीला टाकला. टेम्पो वळला, उताराला लागला, अन् तवा हौद्यातून संतरामाचा आवाज आला,

"येतो बरं का, नवरीबाई!"

मग हसण्याचा असा लोट उठला, की तांड्यातली कुत्री भुकायला लागली. देविदास हातात पांढरं कापड धरून उभा होता. मिना म्हणली, "आत या." तो आत गेला न्हाई.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. यायलाच पाहिजे होतं. "नवरीबाई, चहा घेता का?" म्हणून विचारलं त्याला. त्यानं चहा घेतला. ड्रम भरला, दस्ती बांधली, बटण दाबलं. ड्रम गरगर फिरायला लागला, तोच आवाज, तोच आडोसा. पण ट्रक भरणारी माणसं दर खेपेला त्याच्या दस्तीकडं बघत होती, दस्ती हलते का ते. दस्ती हलली न्हाई.

दुपारी पुन्हा लाईट गेली. ड्रम फिरत फिरत थांबला. बाहेर ट्रकपाशी सगळे पाठीवरच्या कट्ट्यांसकट थांबले. प्रेमानंदही थांबला. संतरामानं जीभ दाताखाली धरली. ह्या येळी हसायचं होतं का ऐकायचं होतं, ते त्यालाच ठाऊक. सगळ्यांचे कान शेडाकडं.

देविदासानं दस्तीखाली तोंड उघडलं. घशात पिवळा धुराळा गेला, ठसका आला, अन् त्यानं तोंड मिटलं.

ट्रकच्या फाळक्याला खिट्टी लागली. त्या दिवशी सांगलीचे कट्टे कोणी न रडताच गेले.