मेन स्विच

सोमवारी दुपारी आमच्या नकाशे काढणाऱ्या छोट्या ऑफिसात व्हीपीएन सुरू झालं. आजारी वडिलांसाठी वाईला राहायला गेलेल्या मेधाताईंना आता घरी बसून ऑफिसातला कॉम्प्युटर वापरता येऊ लागला. आठवडाभर हे नीट चाललं, तरच त्यांची नोकरी टिकणार होती.

त्याच संध्याकाळी त्यांनी आमच्या सर्वांत जुन्या सहकाऱ्याला, नानाकाकांना, फोन केला.

"काका, मला आत कोंडून दिवे घालवलेत!"

"अगं, मी कुलूप लावून घरीसुद्धा पोचलो. आत कोणी नव्हतं."

"मी होते ना! निम्मी नदी काढून झाली होती."

शेवटी निघणाऱ्यानं "आहे का कोणी?" अशी हाक द्यायची आणि मग मेन स्विच बंद करायचा, ही आमच्याकडची जुनी पद्धत. काकांनी हाक दिली होती. उत्तर आलं नाही.

माणूस ऑफिसात आहे, हे आपण कशावरून ठरवतो? दाराशी चपला नव्हत्या, टेबलावर डबा नव्हता, खुर्ची रिकामी होती. तरी स्विच बंद होईपर्यंत खोलीतल्या कॉम्प्युटरवर नदीची निळी रेघ वळणं घेत पुढे सरकत होती. त्या कॉम्प्युटरच्या लेखी मेधाताई समोरच बसलेल्या होत्या.

काका परत गेले आणि त्यांनी स्विच लावला.

तो आठवडा संपला. मेधाताई वाईहूनच काम करतात. निघताना काका आधी खोलीत हाक देतात, मग फोनवर विचारतात, "मेधा, निघालीस का गं?"

त्या हो म्हणाल्या की स्विच बंद होतो.