पडदेवाल्या हिरोबरोबर संगीत नाटक

संगीत नाटक बघून लोक पदं गुणगुणत घरी जातात. मी आणि हिरो किस्से घेऊन घरी जातो. सहा-सात वर्षांत इतके साठलेत की बायको म्हणते, नाटकात काय झालं ते एकदा तरी सांगा, मी नेहमी हिरोचंच ऐकतेय. तिचं बरोबर आहे. पण नाटकाची गोष्ट ठरलेली असते. हिरो सोबत असला की बाकी काहीच ठरलेलं नसतं.

हिरो म्हणजे हिरानंद. उल्हासनगरला त्याचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. आम्ही बदलापूरला शिरगावात फ्लॅट घेतला तेव्हा पडदे शिवून घ्यायला त्याच्याकडे गेलो. तो मापं लिहून घेत होता आणि मी सवयीने एक नाट्यपद गुणगुणत होतो. त्याने टेप खाली ठेवली आणि विचारलं, हे काय गाताय? दौऱ्यावरची एक नाटक कंपनी त्याच शनिवारी अंबरनाथला येणार होती, आणि बायकोने ऐनवेळी नाही म्हटल्यामुळे माझ्याकडे एक तिकीट जास्तीचं होतं. म्हटलं, चल, दाखवतोच.

तिसरी घंटा झाली, ऑर्गन वाजला, पडदा सरकला. हिरो माझ्याकडे झुकून म्हणाला, "मखमल असली आहे." मग नायक आला आणि पदातली एकच ओळ नाना तऱ्हांनी आळवायला लागला. पाच मिनिटं झाली, सात झाली. लोक माना डोलवत होते, हिरो मात्र खुर्चीत चुळबुळत होता. शेवटी त्याला राहवेना.

"म्हात्रे, त्याला पुढचं आठवत नाहीये. कुणीतरी सांगा ना बिचाऱ्याला."

पद संपलं आणि सगळं थिएटर 'वन्स मोअर' ओरडलं, तेव्हा त्याने डोक्याला हात लावला. पण मध्यंतरात वडा खाताना त्यानेच विचारलं, पुढचं नाटक कधी आहे?

*

नंतर एकदा बदलापूरला प्रयोग होता. हिरो दुकान बंद करून निघाला आणि ट्रॅफिकमध्ये अडकला. मी दारावरच्या माणसाला म्हटलं, जरा दोन मिनिटं थांबा, हिरो अजून यायचाय, अंबरनाथच्या पुढे अडकलाय.

त्या माणसाचा चेहराच उतरला. तो आत पळाला. पाठोपाठ माइकवर घोषणा झाली की मुख्य कलाकार वाहतुकीत अडकल्यामुळे प्रयोग थोडा उशिरा सुरू होईल, रसिकांनी सहकार्य करावं. अर्धा मेकअप केलेला नायक विंगेतून बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, "मी दुपारपासून इथेच आहे."

तेवढ्यात हिरो घामाघूम होऊन आत शिरला आणि मी सवयीने हाक मारली, "हिरो, इकडे!" प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, इकडे अशीच पद्धत असेल. त्याने सगळ्यांना नमस्कार केला.

*

हिरोचं मराठी आधी बाजारापुरतं होतं. नाटकं बघून ते सुधारलं, पण सुधारलं ते राजवाड्यातलं. गिऱ्हाईक बाईंना तो सांगायला लागला की देवी, हे कापड आपणांस शोभून दिसेल. बायका हसायच्या, पण कापड घ्यायच्या.

एकदा त्याच्या स्कूटरवर मी मागे बसलो होतो आणि त्याने सिग्नल तोडला. हवालदाराने शिटी मारून बाजूला घेतलं. हिरोने हेल्मेट काढलं, हात जोडले आणि म्हणाला, "क्षमा असावी महाराज. अपराध घडला."

हवालदार त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने रस्त्यापलीकडच्या जोडीदाराला बोलावून घेतलं आणि हिरोला सांगितलं, आता परत म्हण. हिरोने परत म्हटलं. पावती फाडलीच त्यांनी, पण देताना जोडीदार म्हणाला, "घ्यावी, महाराज."

*

त्याच्या हातून एक मोठं कामही झालंय. अंबरनाथच्या एका प्रयोगात पहिल्या अंकातच मागचा राजवाड्याचा पडदा शिवणीवर उसवला. बरोबर राजाच्या डोक्यावर. भोकातून मागचा पंखा दिसायला लागला. मध्यंतर होताच हिरो उठला. त्याच्या खिशात सुई-दोरा कायम असतो. मॅनेजरला सांगून तो आत गेला.

तिसरी घंटा झाली तरी खुर्ची रिकामी. दुसरा अंक सुरू झाला, संपलासुद्धा, हिरोचा पत्ता नाही. नाटक संपल्यावर कलाकार प्रेक्षकांसमोर उभे राहिले, तेव्हा राजा मागे गेला आणि हिरोला दंडाला धरून पुढे घेऊन आला. शिवण पुरी व्हायच्या आत दर्शनी पडदा उघडला होता. मग हिरो आख्खा अंक स्टुलावर उभा राहून, दोन्ही हातांनी उसवलेली शिवण चिमटीत धरून होता.

घरी येताना मी विचारलं, हात दुखले का? म्हणाला, दुखले, पण मागून गाणं फार छान ऐकू येतं.

*

आणि एक किस्सा अम्माचा.

हिरोचे वडील गेले आणि त्याची आई घराबाहेर पडेनाशी झाली. वर्षभर खिडकीजवळ बसून राहायची. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची, बोलणं जवळजवळ बंद. चौऱ्याऐंशी वय. हिरोने देवदर्शन, डॉक्टर, भाचरांना बोलावणं, सगळं करून बघितलं होतं. एक दिवस मला म्हणाला, म्हात्रे, या वेळी तीन तिकिटं काढ. मी म्हटलं, अरे, त्यांना मराठी कळत नाही. तो म्हणाला, मला तरी कुठे कळत होतं?

तिसऱ्या रांगेत आम्ही तिला मधे बसवलं. दोन अंक ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती. हिरो नाटक बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता. शेवटच्या अंकात नायिका सासरी निघते. ती बापाचा हात धरून पद म्हणायला लागली आणि थिएटरमध्ये चिडीचूप झालं.

पद संपलं. टाळ्या पडायच्या आत आमच्या मधून एक आवाज आला. बारीक, थरथरता, पण सुरात. अम्मा गात होती. सिंधीत, त्यांच्या लग्नातलं पाठवणीचं गाणं. लोक माना वळवून बघायला लागले. हिरोने तिला थांबवायला हात उचलला आणि तसाच हवेत ठेवला. तबलजीने कान दिला आणि हलकेच ठेका धरला. ऑर्गनवाल्याने सूर शोधला. नायिका रंगमंचाच्या कडेला येऊन खाली बसली आणि गाणं संपेपर्यंत अम्माकडे बघत राहिली.

रिक्षात हिरोने विचारलं, "अम्मा, तू गातेस? मी छप्पन वर्षांचा झालो, कधी ऐकलं नाही."

अम्मा माझ्याकडे वळून म्हणाली, "बेटा, उस लड़की को बोलना, दूसरी लाइन में साँस जल्दी ले लेती है."