शिकायला जुना

टेकडीवरच्या मोसंबीत ट्रॅक्टर घालायला कोणी तयार होत नव्हतं, हे ज्योत्स्नाचं खरं दुखणं होतं. राजूरच्या अलीकडची तिची बाग सगळी उताराची. भाड्याचे ट्रॅक्टरवाले बांधापर्यंत येत, वर बघत आणि चहा पिऊन आल्या वाटेनं परत जात. इकडे गवत कमरेला लागलं होतं. नवरा वसंता जालन्याला सळईच्या कारखान्यात. आठवड्यातून एकदा घरी यायचा तेव्हा त्याच्यात विळा धरायचंही त्राण नसायचं. शेवटी ठरलं, आपलाच एक छोटा ट्रॅक्टर घ्यायचा आणि ज्योत्स्नानं तो चालवायचा.

बाईनं ट्रॅक्टर चालवण्यावर कोणी फारसं नाक मुरडलं नाही, हे गावाच्या बाजूनं सांगायला हवं. चर्चा झाली ती नवा की जुना यावर. ट्रॅक्टरबद्दल मत नाही असा पुरुष आमच्याकडे शोधून सापडायचा नाही, मग घरी सायकलही का नसेना. यावेळी मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

"शिकायला जुनाच बरा," वसंता म्हणाला. "ठोकला, घासला तरी हळहळ न्हाई. हात बसला की मंग नवा घेऊ."

ज्योत्स्नालाही ते पटलं. न पटायला काय झालं, तिचा जन्म त्यातच गेला होता. सायकल ती भावाच्या टाकाऊ सायकलवर शिकली. ब्रेक नव्हते म्हणून पायानं थांबवायची, आणि चपला झिजल्या की आईची बोलणी खायची. शिवण शिकली ती जावेनं अडगळीत टाकलेल्या मशीनवर. चांगली वस्तू सरावलेल्या हाताला आणि खिळखिळी नवशिक्याला, असं कोणी कुठे ठरवलं नव्हतं, पण घरोघर तेच चालायचं. तिनंही कधी त्यात काही वावगं पाहिलं नव्हतं.

शेजारच्या शिवारातल्या रशीदभाईंचा छोटा ट्रॅक्टर विकाऊ होता. त्यांचे गुडघे गेले होते, ट्रॅक्टर मात्र त्यांनी जिवापाड जपला होता. उतारावर कलंडू नये म्हणून मागची चाकं उलटी बसवून दोन्हींमधलं अंतर वाढवलेलं. माणूस सरळ, काही लपवलं नाही. ब्रेक जरा उजवीकडं ओढतो, एवढं आपणहून सांगितलं. "मला सवय हाय भाभी, पत्ता पण न्हाई लागत," असं म्हणाले.

चालवून बघायला ट्रॅक्टर ज्योत्स्नाच्या बागेत आणला, आणि वसंता खाली बांधावर उभा राहिला. रशीदभाई शिकवायला मडगार्डवर बसले आणि ज्योत्स्नानं ट्रॅक्टर वर नेला. चढ झकास चढला. उतरताना मात्र तिनं ब्रेक दाबले आणि उजवं चाक जागीच धरलं, डावं फिरतच राहिलं. ट्रॅक्टरचं तोंड उजवीकडच्या ओघळीकडं वळलं.

"डावा दाबा. फक्त डावा," रशीदभाई म्हणाले, आणि वाकून त्यांनी स्टेअरिंग ओढलं.

ओघळीच्या काठाशी ट्रॅक्टर थांबला. ट्रॅक्टरला एकेका चाकाचा ब्रेक वेगळा असतो. रशीदभाईंचा पाय कैक वर्षं डावा ब्रेक जरा आधी दाबत आला होता आणि ते त्यांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. दुसऱ्याला सांगणार काय?

वसंता धापा टाकत वर आला. त्यानं पुढची चाकं पाहिली, वाकून खालून पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "काही न्हाई झालं," तो हसत म्हणाला. "झालं असतं तरी हळहळ न्हाई. म्हणून तर म्हणून राह्यलो, शिकायला जुना बरा."

ज्योत्स्ना अजून सीटवरच होती. तिला संताप आला, नवऱ्याचा आला त्याहून जास्त स्वतःचा, कारण हेच वाक्य तिलाही पटलं होतं.

"ट्रॅक्टरची हळहळ न्हाई, बराबर हाय," ती म्हणाली. "पण त्याच्यावर मी बसलेली हाय. माझी?"

वसंताचं हसू तोंडातच राहिलं. रशीदभाई मडगार्डवरून खाली उतरले. मग म्हणाले, हा ट्रॅक्टर मी भाभीला देत नाही, हा सपाट रानवाल्याकडं जाऊ द्या.

दोघं घरी आले. दारात चपला काढताना वसंतानं विचारलं, "भ्याली होतीस का?"

"लई," ज्योत्स्ना म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. भाकरी थापताना तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि या वेळी ते धुरानं नव्हतं.

पोळ्यानंतर नवा ट्रॅक्टर दारात आला. हार घातला, नारळ फुटला आणि आठवडाही गेला नाही तोच ज्योत्स्नानं तो मोसंबीच्या खोडावर घासला. बॉनेटचा रंग हातभर निघाला. तिनं तिथूनच कारखान्यात फोन लावला आणि घडलं ते भडाभडा सांगून टाकलं.

पलीकडे मशीनची घरघर होती. तिच्यातून वसंताचा आवाज आला, "तुला लागलं का?"

ट्रॅक्टरचं त्यानं त्यानंतर विचारलं. बरंच विचारलं, वैतागलाही. पण आधी काय विचारलं, ते ज्योत्स्नानं ऐकलं होतं.