रेफरीची बायको

आमच्या जळगाव जिल्ह्यात फुटबॉलचे रेफरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले दोन आमच्याच घरात. नवरा शिट्टी घेऊन मैदानाच्या मधे धावतो, मी झेंडा घेऊन साइडलाइनवर. घरी तीनदा सांगूनही त्याच्याकडून सिलिंडर बुक होत नाही. मैदानावर मात्र मी नुसती मान वळवली तरी त्याला कळतं. यात प्रेमाचा भाग थोडा, सरावाचा जास्त.

पद्धत साधी आहे. बॉल लाइनबाहेर गेला आणि थ्रो कुणाचा हे आम्ही दोघांनी दोन दिशांना दाखवलं, तर आमचं हसं होतं. म्हणून मी आधी त्याच्याकडे बघते. बॉल माझ्याजवळ असेल, तर ज्या दिशेला थ्रो द्यायचा त्या बाजूच्या हातात झेंडा खालच्या खाली घेऊन ठेवते. त्याला ते दिसतं, आणि मग दोघांचे हात एकदम एकाच दिशेला जातात. सगळेच रेफरी असं करतात. पण ते एकमेकांचे नवरा-बायको नसतात ना!

भुसावळच्या स्पर्धेत माझ्या मागच्या गर्दीतून एक भाऊ ओरडले, "बाई आधी नवऱ्याले इचारते, मंग झेंडा वर करते!" गर्दी खदाखदा हसली. फायनलच्या आदल्या संध्याकाळी स्पर्धा भरवणारे आबाही चहा पुढे करत गोड आवाजात म्हणाले, "ताई, उद्या दुसरा माणूस बघू का? लोक म्हणतात, तुम्ही यांच्याकडे बघूनच निर्णय देता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं उन्हातान्हात धावून मी शेवटी रेफरीची बायकोच! नवऱ्याने तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, "उद्या मीच असणार. चुकले तर पुन्हा कधी बोलावू नका."

परतताना स्कूटरवर मी जाहीर केलं, "उद्या मी तुझ्याकडे अजिबात बघणार नाही."

"मग मी कुणाकडे बघू?" तो शांतपणे म्हणाला.

मी मान वळवली आणि घर येईपर्यंत रस्त्याकडेच्या पाट्या वाचत राहिले.

फायनल भुसावळ आणि चोपड्याची. सामना बरोबरीत, संपत आलेला. चोपड्याच्या पोराने मारलेला बॉल गोलकीपरच्या हातातून निसटला, घरंगळत आत गेला, आणि त्याने झेप घेऊन तो बाहेर ओढला. मी जिवाच्या आकांताने धावत गोललाइनच्या सरळ रेषेत पोचले होते. बॉल पूर्ण आत गेला होता. बॉल आणि चुन्याची रेघ यांच्यामधे मला माती दिसली. नवऱ्यासमोर मात्र खेळाडूंच्या पाठीच पाठी. खेळ चालूच राहिला. मी झेंडा वर केला आणि तसाच धरून उभी राहिले. आम्हाला ओरडून सांगायची सोय नसते. बघ ना रे एकदा!

त्याने बघितलं. भुवया उंचावून विचारलं, आत? मी मान हलवली. शिट्टी वाजली आणि मी मध्यरेषेच्या दिशेने धावत सुटले. गोल झाला हे सांगायची आमची ती खूण.

भुसावळकरांनी एकच गिल्ला केला. त्यांचा कॅप्टन तावातावाने निघाला. नवरा नेहमीसारखा छाती पुढे काढून बोलणी खायला तयार. कॅप्टन त्याच्याकडे ढुंकूनही न बघता शेजारून निघून थेट माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"मॅडम, बॉल लाइनवरच होता! मले सांगा, तुम्ही गोल दिला कसा?"

"पूर्ण आत होता," मी म्हटलं.

तो हातवारे करत भांडत राहिला. मला राग यायला हवा होता, पण हसू दाबता दाबता माझे गाल दुखायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी भांडायला माझ्याकडे आलं होतं.