भिंतीपलीकडे ऐकू जाणाऱ्या शिट्ट्या

आमच्या घरात कुकर नव्हता. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात, पण खरं आहे. बायकोच्या माहेरी, निफाडकडे, एकदा कुकरचं झाकण उडून छताला लागलं होतं. तेव्हापासून तिने कुकरशी जे वैर धरलं ते कायमचं. डाळ शेवटपर्यंत पातेल्यातच शिजली. गेल्या वर्षी ती गेली, आणि पातेल्यातल्या डाळीचं तंत्र मला शिकवायचं राहून गेलं.

मुलगी पुण्याला असते. तिचं म्हणणं, घराला कुलूप लावा आणि इकडे या. माझं म्हणणं, मी नाशिक सोडणार नाही. शेवटी तह झाला. दिवाळीपर्यंत बघायचं, मी हाताने रांधून नीट जेवलो तर इथेच राहायचं, चहा-बिस्किटांवर दिवस काढले तर मुकाट्याने पुण्याला जायचं. म्हणून भांडी बाजारात जाऊन मी आयुष्यातला पहिला कुकर घेतला.

माझी नोकरी बसगाड्यांत तिकिटं तपासण्याची होती. विंचूरला जाणारा माणूस निफाडचंच तिकीट काढतो आणि पुढे झोपेचं सोंग घेतो, हे मी चेहऱ्यावरून ओळखायचो. दुकानदाराचा चेहराही मला पसंत पडला नाही. "काका, डोळे झाकून न्या," म्हणाला. असं कुणी म्हटलं की मी डोळे जास्तच उघडतो. रिंग ताणून पाहिली, शिट्टी कानाशी हलवून पाहिली, पाणी भरून गळतं का तेही पाहायला लावलं. एकही खोट सापडली नाही, त्यामुळे संशय आणखी वाढला.

पहिल्या दिवशी तळाला पाणी, एका डब्यात तूरडाळ, दुसऱ्यात तांदूळ असं सगळं मुलीला फोनवर विचारून केलं. गॅस पेटवला आणि हॉलमध्ये दाराआड जाऊन उभा राहिलो. वाफ फुसफुसू लागली ती थांबेचना, पण शिट्टी काही होईना. आता झाकण उडणार म्हणून मी छताकडे बघतोय, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "भाऊ, वर शिट्टी बसवली का? नुसती वाफ चाललीय!"

या शेजारच्या वहिनी. शेतकरी घरातल्या, तोंडाने फटकळ, माझ्यासारख्याच एकट्या. आमचे दोघांचे ओटे एकाच भिंतीला दोन बाजूंनी लागून आहेत.

शिट्टी ओट्यावर पडली होती. ती बसवली आणि वरण-भात झकास झाला. पण जेवताना डोक्यात किडा वळवळू लागला. ही बाई माझ्या कुकरला कान लावून का बसली होती? संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, उशिरा का होईना, तीन शिट्ट्या झाल्या म्हणे!"

घ्या. म्हणजे माझ्यावरच तपासनीस नेमला होता! मला फार राग आला. पुढे जिन्यात वहिनींनी "आज काय केलं?" विचारलं की मी "वरण" एवढंच बोलून दार लावायचो.

मग एके दिवशी वरच्या फळीवरून चाळणी काढताना हिचं वरणाचं पातेलं हाताला लागलं. आतून अजून पिवळट होतं. ते घेऊन मी खाली बसलो आणि रडलो. त्या दिवशी घास घशाखाली उतरणं शक्य नव्हतं. पण शिट्ट्या झाल्या नाहीत तर पुण्याला बातमी जाणार. मग कुकरमध्ये नुसतं पाणी उकळलं, तीन शिट्ट्या काढल्या आणि उपाशी पडून राहिलो. लबाडी पकडण्यात हयात गेली, तेव्हा एवढी लबाडी मला जमायलाच हवी होती.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, आज फोडणीचा घमघमाट काकूंच्या घरापर्यंत गेला म्हणे. मी उगाच काळजी करत बसते."

मी "हो" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी तेलाची बरणी उघडलीसुद्धा नव्हती. वहिनींना हे कळलं नसेल असं होणारच नाही. त्यांनी मला विनातिकीट पकडलं होतं आणि जाऊ दिलं होतं. माझ्या नोकरीत मी असं एकदाही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिंग-जिऱ्याची फोडणी घातलेल्या वरणाची वाटी घेऊन त्यांच्या दारात गेलो. त्यांनी वरची ताटली उचलून वास घेतला.

"आज खरं हाय," म्हणाल्या. "काल पानी उकळलं ना?"

"मग मुलीला खोटं का सांगितलंत?"

"एक दिवसाचं सांगितलं. उद्या परत उपाशी राहिलात तर खरं सांगन. लेकीचा जीव हाय तो." त्या वाटी घेऊन आत वळल्या, आणि पाठमोऱ्याच बोलल्या, "तुमी पुन्याला गेल्यावर ह्या भिंतीमागं मी काय ऐकू?"